खोडलेला नाही, मुळात नाहीच

मोटार वाहन निरीक्षक म्हणून अकरा वर्षं झाली मला. लोकांना वाटतं आरटीओवाले म्हणजे लायसनच्या टेस्ट आणि रस्त्यावरची चलनं. पण आमचं निम्मं काम नंबराचं असतं. चिखल खरवडायचा, रॉकेलचा बोळा फिरवायचा, चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला तिचा ओळख क्रमांक, दिसला की त्याच्यावर कागद धरून पेन्सिल घासायची, छाप उमटते. कंपनीचा ठसा एका रेषेत, सारख्या खोलीचा असतो, हाताने ठोकलेला आकडा बोट फिरवलं तरी कळतो. १९९३ च्या मुंबईतल्या स्फोटांचा धागा वरळीला सोडून दिलेल्या मारुती व्हॅनच्या नोंदणीवरून लागला, हे मी नव्या पोरांना पहिल्या आठवड्यातच सांगतो. गाडी कोणाची हे कळणं ही फार मोठी गोष्ट आहे, म्हणून नंबराच्या बाबतीत मी कोणाचंच ऐकत नाही, अगदी ओळखीच्या माणसाचंसुद्धा.

तर झालं असं की एका तालुक्याच्या गावी मंत्र्यांचा दौरा होता, बंदोबस्ताची तयारी चालू होती, आणि हेलिपॅडच्या मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोणीतरी एक विचित्र गाडी बघून ११२ ला फोन केला. नंबरप्लेट नाही, कंपनीचं नाव नाही, मागे झाकलेली पेटी. पोलिसांनी गाडी आणि गाडीवाला दोन्ही उचलले आणि तांत्रिक तपासणीसाठी आमच्याकडे पत्र आलं. मी दुपारी पोचलो तेव्हा ती ठाण्याच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली उभी होती आणि भोवती निम्मं ठाणं गोळा झालेलं.

मला ती गाडी आवडली, खोटं कशाला बोलू. बनवणारा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा पोरगा, आयटीआय फिटर, गावात गेट-ग्रील करायचं शेड. दीड इंची चौकोनी पाईपची फ्रेम, मागे रिक्षाचं इंजिन गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलसकट, म्हणजे रिव्हर्सही आलाच. झाकलेल्या पेटीत पाने, वेल्डिंगचा होल्डर आणि जेवणाचा डबा. मी खाली आडवा झालो. वेल्डिंगची शिवण एकसारखी, नाणी एकावर एक कलंडून ठेवावीत तशी, कुठे भोक नाही, कुठे गाठ नाही. आणि स्टिअरिंगच्या बॉलजॉइंटला खाचांचा कॅसल नट घालून प्रत्येक नटाला तो सुटू नये म्हणून स्प्लिट पिन, पिनेची टोकं नीट वळवलेली. ही पिन दोन रुपयांची, पण कोणी बघत नसताना ती घालणारा माणूस वेगळा असतो. पासिंगला येणाऱ्या कितीतरी ट्रॉल्यांना मला ती सापडत नाही.

पण चुका होत्या आणि त्या साध्या नव्हत्या. ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. सीटखाली पेट्रोलचा प्लास्टिकचा कॅन, सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर. स्टिअरिंगचा रॉड सरळ छातीच्या रेषेत, समोरून धडक बसली असती तर तो आतच घुसला असता. मी त्याला एकेक दाखवत गेलो, तो मान हलवत होता, खिशातून बिलाचा चिटोरा काढून लिहून घेत होता.

मग सवयीने मी कागद-पेन्सिल काढली आणि फ्रेमवर नंबर शोधायला लागलो. नंबर असणार कुठून? पोरगा म्हणाला, "साहेब, नंबर लागतो का? कुठला टाकायचा सांगा, आकडे ठोकायच्या पंचाचा सेट आहे माझ्याकडे." शेजारी हवालदार उभा. मी इतक्या जोरात ओरडलो त्याच्यावर की ठाण्यातली माणसं बाहेर आली. चेसिसवर मनाने नंबर ठोकणं म्हणजे काय हे त्या पोराच्या गावीही नव्हतं. त्याला वाटलं एक कागद कमी आहे, तो आपण करून देऊ.

आत जाऊन पंचनामा वाचला तर त्यात लिहिलेलं, "चेसिस क्रमांक : खोडलेला." मी पीएसआयना म्हटलं, साहेब, खोडलेला नाही, मुळात नाहीच. ते म्हणाले, अर्थ एकच ना. एकच कसा? खोडलेला म्हणजे कोणीतरी काहीतरी लपवलंय, चोरीचा माल आहे किंवा त्याहून वाईट काहीतरी. नाही म्हणजे ही गाडी कारखान्यात जन्मलीच नाही. त्यांचंही चुकलं असं मी सरसकट म्हणणार नाही, दौरा उद्यावर, वरून दर तासाला फोन, आणि जप्तीच्या पंचनाम्यात बिननंबराच्या गाडीला हाच शब्द लिहायची सवय पडलेली. पण सह्या झाल्या होत्या, साक्षीदार पंच घरी गेले होते.

त्यात इंजिन नंबराने घोळ घातला. गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी 'वाहन' पोर्टलवर टाकला तर दुसऱ्या जिल्ह्यातली रिक्षा निघाली, नोंदणी चालू. म्हणजे कागदावर रिक्षा रस्त्यावर आणि इंजिन इथे ठाण्यात. रिक्षावाल्याचा पत्ता लागेपर्यंत बारा दिवस गेले. अपघातात चक्काचूर झाली म्हणून त्याने ती भंगारात दिली होती, आणि कायद्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं ते कळवलंच नव्हतं. कोणीच कळवत नाही. भंगारवाला पावती देत नाही, आणि शेवटी अडकतो तो सगळ्यात शेवटी इंजिन विकत घेणारा.

पोराचे वडील रोज ठाण्यात येऊन बसायचे, मला बघितलं की मोबाईल पुढे करायचे. त्यात २०२१-२२ ची देवराष्ट्र्याची बातमी, सांगली जिल्ह्यातल्या कारागिराने भंगारातून किक मारायची जीप बनवली आणि आनंद महिंद्रांनी ती घेऊन बदल्यात बोलेरो दिली. "साहेब, त्याला गाडी मिळाली, माझ्या पोराला कस्टडी का?" मी त्यांना सांगितलं की काका, ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, हे महिंद्रांनीही तेव्हाच लिहिलं होतं. खरं तर मला त्यांना दुसरंच सांगायचं होतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे गाडीचा नमुना पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून पास करून घ्यावा लागतो. तो नियम हजारो गाड्या काढणाऱ्या कंपन्यांसाठी आहे आणि त्यांच्यासाठी तो हवाच. पण एकाच माणसाने एकच गाडी बनवली तर तिच्यासाठी आमच्याकडे खिडकीच नाही. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकटी गाडी तपासून, तिला सरकारकडून नंबर देऊन रस्त्यावर येऊ देतात, नापास झाली तर का झाली ते लेखी देतात. सुरक्षेचा विचार केला तरी तेच बरं, गाडी आणि माणूस दोन्ही नोंदीत येतात. आपण नाही म्हणतो तेव्हा अशा गाड्या बनायच्या थांबत नाहीत, त्या रात्री आणि आडरस्त्याने फिरतात.

मी अहवालात चार ओळी जास्तीच्या लिहिल्या. "चेसिस क्रमांक खोडल्याची कोणतीही खूण नाही, फ्रेम नवीन पाईपची असून मूळ क्रमांक अस्तित्वात नव्हता." ग्राइंडरचा ओरखडा नाही याचे फोटो जोडले. चोरीचा संशय गेला, विनानोंदणी गाडीचा दंड राहिला, आणि रस्त्यावर आणणार नाही असं लिहून घेऊन कोर्टाने गाडी सोडली. टेम्पोत घालून नेली त्यांनी. पण पंचनाम्यातला "खोडलेला" तसाच आहे, माझा कागद त्याच्या मागे टाचणीने लावलेला. उद्या कोणी फक्त पहिलं पान वाचलं तर?

दोन महिन्यांनी पोराचा फोन आला, साहेब, पुढच्या चाकांना ब्रेक बसवले, टाकी मागे नेली, बघायला येता का. सरकारी कामात हे बसत नाही म्हणून रविवारी माझ्या मोटारसायकलवरून गेलो. त्यांच्या मोकळ्या रानात त्याने गाडी पळवून दाखवली. चारही चाकं एकदम धरतात, ओल्या मातीतसुद्धा सरळ थांबते. स्टिअरिंगचा रॉड मात्र अजून तसाच आहे, तो बदलायला सांगून आलोय.