खेळलेला माणूस खुर्चीत काय करतो?

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर सकाळी फिरताना, लग्नाच्या पंगतीत, कुठेही भेटलं की लोक विचारतात, "सर, तुम्ही ऑफस्पिन छान टाकायचात. पोरांना शिकवायचं सोडून क्रिकेट संघटनेच्या भानगडीत कशाला पडलात? आणि तेही इतकी वर्षं?" शेवटच्या दोन शब्दांत टोमणा असतो, तो मला कळतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

सुरुवात काही उदात्त नव्हती. क्लबात हिशेब लिहायला कुणी तयार नव्हतं. मी बँकेत नोकरीला, तेव्हा हे काम माझंच, असं बाकीच्यांनी परस्पर ठरवून टाकलं. तेव्हा आमचे बरेच सामने मॅटवर व्हायचे. काथ्याची जड मॅट खांद्यावर आणायची, पसरायची, चारी बाजूंनी ताणून खिळे ठोकायचे. ती जरा जरी सैल राहिली तरी चेंडू कधी नाकासमोरून जाणार, कधी घोट्यावर येणार. दोन-चार मोसम हे सगळं केल्यावर लक्षात आलं की खेळायला अकरा जण सहज जमतात, खिळे ठोकायला दोघं मिळत नाहीत. म्हणून राहिलो. खरं कारण एवढंच.

"खेळाडूंनीच कारभार करावा" हे वाक्य टाळ्या घेतं. मला ते अर्धंच पटतं. प्रा. दि. ब. देवधरांनी महाराष्ट्राला 1939-40 आणि 1940-41 असं लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकून दिला आणि पुढे निवड समितीत, संघटनेतही काम केलं. सौरव गांगुली 2019 ते 2022 बीसीसीआयचे अध्यक्ष होते. पण महापालिकेकडून मैदानाची परवानगी काढताना किंवा लेखापरीक्षकासमोर पावत्या मांडताना तुमचा ऑफस्पिन कुणी विचारत नाही. तिथे चिकाटीचा कारकून लागतो. मी पाहिलेले काही उत्तम चिटणीस आयुष्यात बॅटला हात न लावलेले होते.

खेळल्याचा उपयोग होतो तो निवडीच्या दिवशी. पंधरा नावं लिहून झाली की सोळाव्याचं काय, हे आतून कळतं, कारण तो सोळावा मी स्वतः बऱ्याचदा होतो. यादी लावून मागच्या दाराने निघून जाणारे पदाधिकारी मला आवडत नाहीत. सोळाव्याला बाजूला घेऊन सांगायचं असतं: तू ऑफस्टंपच्या बाहेर फार खेळतोस, तेवढं सुधार. वडील बरोबर असतील तर पाच मिनिटांचे पाऊण तास होतात. होऊ द्यावेत.

वडिलांवरून वयाची गोष्ट आली. पूर्वी जन्मदाखला दाखवला की काम झालं. मग सोळा वर्षांखालच्या संघात मिशी राखलेले फलंदाज दिसायचे आणि आपण मान खाली घालून दाखला फायलीत लावायचा. बीसीसीआयने टीडब्ल्यू-3 चाचणी आणली तेव्हा पालक चिडले. डाव्या हाताचा, मनगटाचा एक्स-रे काढतात आणि हाडांच्या वाढीवरून वयाचा अंदाज बांधतात. अंदाजच तो, एखाद्या लवकर वाढलेल्या खऱ्या पोरावर अन्याय होतो, हे मी नाकारत नाही. पण ती चाचणी नसती, तर खऱ्या चौदा वर्षांच्या पोराला सतरा वर्षांच्याचा वेगवान चेंडू छातीवर घ्यावा लागला असता.

मला विचाराल तर सगळ्यात मोठा बदल मुलींचा. 1973 साली लखनौत महिलांची वेगळी क्रिकेट संघटना उभी राहिली आणि 2006 साली ती बीसीसीआयमध्ये विलीन झाली. तोवर मुलींचं क्रिकेट हे आमच्यासारख्यांच्या दृष्टीने दुसऱ्या कुणाचं तरी काम होतं. मग एकदम संघ उभे करायचे, कपडे बदलायला खोली, प्रवासात सोबत बाई, सगळं नव्याने. चेंडूसुद्धा वेगळा: मुलींचा 140 ते 151 ग्रॅमचा, पुरुषांचा 156 ते 163. 2022 साली नाशिकची माया सोनवणे महिला टी-20 चॅलेंजमध्ये मान खाली घालून तो अजब लेगस्पिन टाकताना टीव्हीवर दिसली, तेव्हा ट्रॅकवरच्या प्रश्नांचा सूर आठवडाभर बदलला होता!

रणजीचा सामना नाशिकला आला की लोकांना वाटतं, यांचा मिरवण्याचा दिवस. 2025च्या जानेवारीत हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्राने बडोद्याला 439 धावांनी हरवलं. अशा सामन्यात कारभाऱ्याची नजर धावफलकावर कमी आणि कव्हर, रोलर, पाण्याचा टँकर, पासांसाठी रुसलेली मंडळी यांच्यावरच जास्त असते. चांगला स्पेल नेमका फोनवर असतानाच पडतो.

आता "इतकी वर्षं". क्रिकेटचा कारभार सुधारायला नेमलेल्या लोढा समितीच्या बहुतेक शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2016 मध्ये स्वीकारल्या: सत्तरीनंतर पद नाही, पदाच्या एका मुदतीनंतर तीन वर्षं सक्तीची विश्रांती. 2018 मध्ये विश्रांतीची अट सैल करून सलग दोन मुदतींची मुभा मिळाली. मला विचाराल तर ती सैल करायला नको होती. खुर्ची उबदार झाली की माणूस तिच्यासाठी मतं मोजायला लागतो. पण राज्य संघटनेतली खुर्ची वेगळी आणि तालुक्याच्या मैदानावरची प्लास्टिकची वेगळी. ही दुसरी मी कुणालाही द्यायला तयार आहे, आज संध्याकाळीसुद्धा.

तेव्हा पुढच्या वेळी टोमणा मारणाऱ्यांनी आधी स्कोअरिंग शिकून यावं. चौदा वर्षांखालच्या सामन्यांना दोन स्कोअरर लागतात, मिळतो एक, आणि दुसऱ्याच्या जागी बहुतेक वेळा मीच बसलेला असतो.