सेल्फचा आवाज

जुनी गाडी सुरू होत नसली की भोवती जमलेल्यांचा पहिला संशय बॅटरीवर. मग प्लग, मग पेट्रोल. ठिणगी डोळ्यांना दिसते आणि पेट्रोल नाकाला कळतं, म्हणून हे संशय सुचतात चटकन. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं, मात्र ऐकावं लागतं.

धडधाकट इंजिनाला सेल्फ मारला की त्या आवाजाला ठेका असतो. पिस्टन हवा दाबत वर येतो तिथे स्टार्टर किंचित अडतो, सुटतो, पुन्हा अडतो. एखादा सिलिंडर दाबच धरत नसेल, तर त्या ठेक्यात दर वेळी एक मात्रा रिकामी जाते. व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालात ठेवणारा टायमिंग बेल्ट तुटला असेल तर ठेकाच उरत नाही. स्टार्टर भलत्या उत्साहात घुर्र करत फिरतो. नवख्याला वाटतं, आज बॅटरी काय जोरात आहे! अशा वेळी सेल्फ मारणं लगेच थांबवावं, कारण काही इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात.

हा दाब इंजिनांना जन्मापासून मिळालेला नाही. एतिएन लेन्वार या संशोधकाचं १८६० सालचं गॅस इंजिन मिश्रण न दाबताच पेटवायचं, आणि खायचंही भरपूर. निकोलाउस ऑटो या जर्मन संशोधकाने १८७६ मध्ये आधी दाबून मग पेटवणारं इंजिन चालवून दाखवलं.

कानाच्या संशयाला पुरावा हवा तर गेज, म्हणजे प्लगच्या भोकात लावून दाब मोजायचं मीटर. सगळे प्लग काढायचे, इग्निशन आणि इंधन तोडायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे द्यायचे. बॅटरी चांगली हवी, नाहीतर इंजिन रेंगाळत फिरतं आणि आकडे उगाच पडतात. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत १२५ ते १८० पीएसआय (दाबाचं एकक) दिसतात. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. मला स्वतःला आकड्यापेक्षा तफावत जास्त बोलकी वाटते. चारही सिलिंडर १२० दाखवत असतील तर इंजिन थकलंय, पण बहुधा सुरू होईल. तीन १५० वर आणि एकच ६० वर असेल, तर गुन्हेगार सापडला. शेजारचे दोन मिळून पडलेत? बहुधा हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर आणि त्यांवरचं हेड यांच्यामधली सीलबंद पट्टी, गेली.

मग येते चमचाभर तेलाची गंमत. प्लगच्या भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. दाब चढला तर पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्यात, कारण तेलाने त्यांची फट तात्पुरती बुजवली. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. त्यापुढची परीक्षा पुन्हा कानाचीच: सिलिंडरमध्ये बाहेरून दाबाची हवा भरायची आणि फुसफुस कुठून येते ते ऐकायचं. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर बहुधा गॅस्केटच.

एवढं न करता ‘इंजिन उघडावं लागेल’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. कारण नुसता सेल्फ मारमारूनही कॉम्प्रेशन पडतं. न पेटलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं, रिंगा कोरड्या पडतात आणि बरं इंजिन गेजवर मेलेलं दिसतं. अशा गाडीला तेच चमचाभर तेल पाजून, प्लग कोरडे करून सेल्फ मारला, तर ती निळा धूर ओकत खोकते आणि चालू लागते.