नायोबियमच्या पोकळीतला इलेक्ट्रॉनांचा गुणाकार

शिकागोच्या पश्चिमेला, बटेव्हिया गावाजवळच्या फर्मीलॅबच्या आवारात, माळावर बायसनचा कळप चरत असतो आणि त्याच आवारात पिप-२ नावाचा ८०० एमईव्ही (८० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट) क्षमतेचा अतिसंवाहक त्वरक, म्हणजे अतिथंड, जवळपास रोधाशिवायच्या धातूच्या पोकळ्यांतून कणांना वेग देणारे यंत्र, उभा राहत आहे. त्याच्या उभारणीत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रासह काही भारतीय संस्थांचा वाटा आहे, म्हणून घरच्यांना या कामाविषयी सांगताना मला विशेष आनंद होतो.

त्या त्वरकातल्या ३२५ मेगाहर्ट्झच्या स्पोक कॅव्हिटीत, म्हणजे मध्ये आडवी दांडी असलेल्या नायोबियम धातूच्या पोकळीत, भटके इलेक्ट्रॉन किती वाढतील हे संगणकावर आधीच पाहणे, हे माझे काम. एखादा इलेक्ट्रॉन भिंतीवर आदळून नवे इलेक्ट्रॉन उडवतो आणि नेमक्या त्याच क्षणी पोकळीतल्या विद्युतक्षेत्राची दिशा उलटली, तर ते नवे इलेक्ट्रॉनही वेग घेऊन पुन्हा भिंतीवरच जातात. याला मल्टिपॅक्टिंग म्हणतात. दर धडकेला सरासरी १.३ इलेक्ट्रॉन निघाले, तर पन्नास धडकांत एकाचे जवळपास पाच लाख होतात, ०.९ निघाले, तर काहीच उरत नाही. वाढ झाली की बाहेरून दिलेली शक्ती हे इलेक्ट्रॉनच खातात, क्षेत्र वर चढत नाही, आणि पोकळीला थंड ठेवणाऱ्या २ केल्व्हिनच्या (सुमारे उणे २७१ अंश सेल्सिअस) हेलियमवर उष्णतेचा भार पडतो.

एकदा, कोणत्या क्षेत्राला इलेक्ट्रॉन किती वाढतात हे दाखवणाऱ्या माझ्या आलेखात, कोणालाही अपेक्षित नसलेल्या क्षेत्रमूल्याला, एक ठळक शिखर आले. दोन दिवस मी ते खरेच मानले. मग दांडीच्या बुडाशी असलेली गोलाई पडद्यावर मोठी करून पाहिली, तेव्हा ती सपाट तुकड्यांची बनलेली दिसली, कारण मी मेश, म्हणजे गणनेसाठी आकाराचे छोटे तुकडे पाडणारी जाळी, जाड ठेवला होता. तो बारीक केल्यावर शिखर नाहीसे झाले.

मात्र खरी अडचण भूमितीत नसून पृष्ठभागात आहे. तेच नायोबियम भाजून स्वच्छ केले तर कमी इलेक्ट्रॉन सोडते, आणि पाण्याचा वा वायूचा अगदी पातळ थर बसला तर जास्त. म्हणूनच प्रत्यक्ष चाचणीत तासन्‌तास शक्ती देत राहतात, कारण इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यानेच तो थर हळूहळू निघून जातो. माझ्या मते गणनेचे एकच उत्तर देणे प्रामाणिकपणाचे नाही. त्यामुळे आता प्रत्येक रचनेसाठी मी अस्वच्छ, धुतलेल्या आणि भाजलेल्या पृष्ठभागांचे असे तीन आलेख देतो, आणि चाचणी करणारे सहकारी त्यांतला पहिला आलेख समोर ठेवूनच शक्ती वाढवायला सुरुवात करतात.