डिस्कवरचा जादा माल

जुन्या हॉलिवूड संगीतिकांच्या डीव्हीडी मी सिनेमासाठी विकत घेत नाही. सिनेमा काय, कुठेही बघायला मिळतो. मला हवा असतो मेनूच्या अगदी तळाशी असलेला जादा माल. कापलेली गाणी, मेकअपच्या चाचण्या, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे ज्या नटीला वगळलं तिच्या आवाजातलं किंवा तिच्यावर चित्रित झालेलं गाणं. घरच्यांना हे खूळ वाटतं. ‘पिक्चर राहिला बाजूला, ही काय बघत बसलीय’ हे वाक्य आमच्याकडे ठरलेलं आहे. पण एखाद्या भूमिकेसाठी हिला घ्यायचं की तिला, हा बंद खोलीत झालेला निर्णय इतक्या वर्षांनी आपल्या सोफ्यावर बसून, चहा पीत तपासता येतो, याच्याइतकी करमणूक दुसरी नाही.

माझ्याकडची सर्वाधिक घासलेली डिस्क ‘माय फेअर लेडी’ची. त्या निवडीची हकिगत सिनेमाइतकीच रंगतदार आहे. 1956 साली ब्रॉडवेच्या रंगमंचावर एलायझा डूलिटल, म्हणजे प्रोफेसरकडून शुद्ध बोलायला शिकणारी लंडनची फुलवाली, उभी केली ज्युली अँड्र्यूजने. नाटक तुफान चाललं. वॉर्नर स्टुडिओच्या जॅक वॉर्नरने सिनेमाच्या हक्कांसाठी 55 लाख डॉलर मोजले आणि मग व्यापारी हिशेब मांडला : इतका पैसा ओतल्यावर जिने एकही सिनेमा केलेला नाही अशी पोरगी कशी चालेल? म्हणून 10 लाख डॉलर देऊन ऑड्री हेपबर्न आली. ज्युलीला डिस्नेने ‘मेरी पॉपिन्स’साठी उचललं. दोन्ही सिनेमे 1964 मध्येच लागले. ‘माय फेअर लेडी’ने सर्वोत्कृष्ट चित्रपटासकट 8 ऑस्कर नेली, पण ऑड्रीला साधं नामांकनही नाही आणि अभिनेत्रीचं ऑस्कर ज्युलीला. त्याआधी गोल्डन ग्लोब घेताना ज्युलीने, हे सगळं ज्यांच्यामुळे शक्य झालं त्या जॅक वॉर्नर यांचेही आभार मानले होते. इतक्या गोड आवाजात घेतलेला इतका नेमका चिमटा मला दुसरा आठवत नाही.

ऑड्रीने गाण्यासाठी मेहनत केली होती, शिकवणी लावली होती, गाणी ध्वनिमुद्रितही केली होती. आपलाच आवाज बराचसा राहील अशी तिची समजूत होती. प्रत्यक्षात जवळजवळ सगळी गाणी मार्नी निक्सन या पडद्यामागच्या गायिकेकडून गाऊन घेतली गेली. उलट प्रोफेसर झालेला रेक्स हॅरिसन हा न गाणारा गडी. तो गाणी बोलल्यासारखी म्हणायचा आणि दोनदा तशीच म्हणणं आपल्याला जमणार नाही म्हणायचा. म्हणून त्याच्या टायमध्ये छोटा बिनतारी मायक्रोफोन लपवून त्याची गाणी चित्रीकरण चालू असतानाच टिपली. न गाणाऱ्या पुरुषासाठी तंत्रज्ञ कामाला लागले, थोडंफार गाणाऱ्या बाईचा आवाज मात्र पुसला. त्याला ऑस्करही मिळालं, हे जाता जाता.

1994 मध्ये या सिनेमाच्या खराब होत चाललेल्या फिल्मची मोठी डागडुजी झाली. पुढे डीव्हीडीवर ऑड्रीच्या स्वतःच्या आवाजातली दोन गाणी आली. त्यातलं बाजारात कोबी-बटाट्यांमध्ये म्हटलेलं, उबदार खोलीचं आणि भरपूर चॉकलेटचं स्वप्न बघणारं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी आत्या शेजारी होती. तिने जन्मभर गाण्याच्या शिकवण्या केल्या आहेत. ऐकून झाल्यावर म्हणाली, ‘‘सूर जरा खालीच लागतोय गं. पण ही फुलंच विकते.’’ मग तिने निक्सनचं लावायला सांगितलं. ते निर्दोष होतं. मला मात्र त्यात फुलवाली दिसेना, लंडनच्या त्या ओल्या बाजारात चुकून आलेली संगीत विद्यालयाची विद्यार्थिनी दिसायला लागली. दूतावासातल्या नाचाच्या प्रसंगानंतर एलायझाने असं गायलं असतं तर शोभलं असतं. सुरुवातीलाच इतकं स्वच्छ गात असेल तर प्रोफेसरने शिकवायचं काय?

सिनेमात ऑड्रीचा खरा आवाज थोडा शिल्लक आहे, आणि तो कुठे, तर प्रोफेसरला बघून घेईन म्हणून ती एकटीच चरफडते त्या गाण्याच्या आरंभी. उंच सूर येतात तिथे निक्सन आत शिरते. मराठी प्रेक्षकाला ही जागा ओळखीची आहे. ‘माय फेअर लेडी’ ज्यावर बेतलं त्याच बर्नार्ड शॉच्या मूळ नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी ‘ती फुलराणी’ केलं, त्यात मास्तरला धडा शिकवायची शपथ घेणारं स्वगत भक्ती बर्वेच्या तोंडी आलं आणि घराघरात पाठ झालं. तिथे उसन्या आवाजाचा प्रश्नच नव्हता. राग हा गळ्यातून यावा लागतो, आणि दुसऱ्याच्या गळ्यातून आलेला लगेच कळतो, हे वॉर्नरच्या माणसांनाही त्या दोन-चार ओळींपुरतं जाणवलं असावं.

आपण पार्श्वगायनावर वाढलेली माणसं. नूतनला लताचा आवाज आहे म्हणून कुणी फसवणुकीची तक्रार केली नाही. त्यामुळे ऑड्री स्वतः गात नाही यावर अमेरिकेत तेव्हा इतका गहजब का झाला, हे मला बराच काळ उमगत नव्हतं. गोम उसन्या आवाजात नव्हती, लपवण्यात होती. ‘द किंग अँड आय’मध्ये निक्सन डेबोरा करसाठी गायली, तेव्हा हे फुटलं तर हॉलिवूडमध्ये पुन्हा काम मिळणार नाही अशी तंबी मिळाल्याचं ती सांगायची. गुपित फोडलं ते खुद्द डेबोरा करनेच, कौतुकाने. ‘वेस्ट साइड स्टोरी’त नॅटली वुडला तर अखेरपर्यंत वाटत होतं की आपलीच गाणी वापरणार. आपलेही हात अगदी स्वच्छ नाहीत म्हणा. ‘महल’मधल्या लताच्या गाण्याच्या तबकडीवर 1949 साली गायिका म्हणून नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे पात्राचं. लताबाईंनी हट्ट धरला नसता तर फिल्मफेअरला पार्श्वगायनाचं पारितोषिक सुरू करायला 1959 उजाडलं तेही उजाडलं नसतं.

दुसरी डिस्क ‘ॲनी गेट युअर गन’. ही मिळायलाच उशीर झाला. 1950 चा हा सिनेमा हक्कांच्या वादामुळे 1973 पासून कुणाला दिसतच नव्हता. 2000 साली तो घरी बघण्यासाठी आला. आणि येताना जुडी गार्लंडला घेऊन आला. नेमबाज ॲनी ओकलीची भूमिका आधी तिची होती. सगळी गाणी तिने ध्वनिमुद्रित केली, दोन चित्रितही झाली. मग तब्येत, औषधांच्या गोळ्या, उशिरा येणं, न येणं. 1949 च्या मे महिन्यात तिला काढलं आणि पुढे बेटी हटनला घेतलं. सेटवर आपल्याला कुणी प्रेमाने वागवलं नाही, असं हटन पुढे सांगत राहिली.

नुसतं कानांनी ऐकलं तर जुडीला काढणाऱ्यांना शिव्या द्याव्याशा वाटतात. डोळे उघडे ठेवून ती दोन गाणी बघितली की शिव्या गिळाव्या लागतात. सव्वीस वर्षांची ती बाई भडक पोशाखात उभी आहे, पावलं बरोबर टाकतेय, आणि आत कुणी नाही. रानात वाढलेली, नेम न चुकणारी, घसा ताणून बोलणारी ॲनी तिच्याकडून त्या दिवसांत होणं शक्य नव्हतं. हटन मला एरवी फार आरडाओरडा करणारी वाटते, पण इथे आरडाओरडाच हवा होता. एमजीएम स्टुडिओने जुडीचं जे केलं ते वर्षानुवर्षं चाललेलं वाईट होतं. हा एक निर्णय मात्र बरोबर होता. असं लिहिल्यावर जुडीचे भक्त माझ्याशी बोलणार नाहीत, याची कल्पना आहे.

‘सिंगिंग इन द रेन’चं थोडक्यात सांगते, कारण त्यातली गंमत बहुतेक रसिकांना ठाऊक असते. कर्कश आवाजाच्या नटीला पडद्यामागून आवाज देणारी गुणी मुलगी डेबी रेनल्ड्सने केली. पण त्यातल्या एका गाण्यात खुद्द डेबीसाठी बेटी नॉइस गायली आहे. आणि डेबी त्या नटीचे संवाद डब करताना दिसते, तिथे ऐकू येणारा भारदस्त आवाज आहे जीन हेगनचा, म्हणजे जिचा आवाज भयंकर म्हणून सगळी कथा उभी आहे तिचाच! उसन्या आवाजाची चोरी उघडी पाडणारा सिनेमा स्वतःच ती चोरी करतो, आणि नामावळीत त्याचा पत्ता नाही. माझा सर्वांत आवडता सिनेमा हाच, त्यामुळे रागावता येत नाही.

आता लोक म्हणतात, डिस्क कशाला, सगळं स्ट्रीमिंगवर आहे. सिनेमा असतो, खरं आहे. पण वगळलेल्या बायका तिथे सहसा येत नाहीत. आमचा प्लेअर कुरकुरायला लागला आहे, ट्रे अर्धा उघडून थांबतो, त्याला बोटाने ओढावं लागतं. दुरुस्तीवाल्याने तर नवीन टीव्ही घ्यायचा सल्ला दिला.

तरी पाहुणे आले की मी ‘द साउंड ऑफ म्युझिक’ लावते. मारियाचं आता करायचं तरी काय, असं मठातल्या जोगिणी गातात ना, तिथे थांबवून एकीकडे बोट दाखवते : ही मार्नी निक्सन. तिघींना आवाज देऊन झाल्यावर 1965 मध्ये तिला स्वतःच्या चेहऱ्याने गायला मिळालं, आणि नायिका कोण, तर ज्युली अँड्र्यूज. शिवाय त्याच सिनेमात कॅप्टन झालेला क्रिस्टोफर प्लमर गातो तो आवाज बिल ली नावाच्या गायकाचा आहे, हेही सांगून टाकते. पाहुणे सभ्यपणे मान हलवतात आणि विचारतात, ते डोंगरावरचं गाणं पुन्हा लावता येईल का.