तुम्ही विचारलंत म्हणून: संगणक असताना ते यंत्र कशाला?

लातूरच्या माझ्या खोलीत गाणे करायला येणारा प्रत्येक जण टेबलावरचे एमपीसी लाइव्ह, म्हणजे पॅडवर बोटांनी ठेके वाजवायचे यंत्र, पाहून हाच प्रश्न विचारतो, म्हणून एकदाच नीट सांगतो.

पूर्वी मी छातीठोकपणे म्हणत असे, की यंत्राच्या ठेक्यातली लचक संगणकात येत नाही. ते खोटे होते. १९८८ च्या एमपीसी ६० या त्याच्या पूर्वजापासून गाजलेला स्विंग म्हणजे जोडीतला दुसरा ठोका किंचित उशिरा वाजवणे, आणि ते गणित आज कोणतेही सॉफ्टवेअर करते. मला सोळा पॅडवर बोटांनी ठेका बसवता येतो आणि माउसने बसवता येत नाही, एवढेच खरे आहे. उलट दोघांना जोडले की कटकटीच वाढतात. दोन यंत्रांची लय जुळवणारी मिडी क्लॉक दर मात्रेला २४ टिचक्या पाठवते. संगणकावर ताण आला की त्या पुढेमागे होतात, म्हणून मी यंत्रालाच मास्टर, म्हणजे लय देणारा, ठेवतो. आवाजाचे नमुने घेण्याचा यंत्राचा वेग ४४.१ किलोहर्ट्झ आहे; संगणकातला प्रोजेक्ट ४८ वर राहिला आणि फाइल रूपांतरित झाली नाही, तर पेटीच्या काळी एकमधले गाणे चढून पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध जाऊन बसते.

तरीही यंत्र का, तर त्याला बॅटरी आहे म्हणून, असे मी अभिमानाने सांगत असे. मग औशाकडचे एक वयोवृद्ध गोंधळी देवीचे पद गायला आले. त्यांच्याच मुलाने वाजवलेले संबळाचे बोल तोडून मी पॅडवर टाकले होते. हेडफोन यंत्राला जोडलेला होता, माइक मात्र संगणकाला. दुसऱ्या कडव्याला वीज गेली. यूपीएसची बॅटरी उतरली आहे हे मला महिनाभरापासून ठाऊक होते. संगणक बंद पडला, त्याच्यावर चालणारा, माइकचा आवाज संगणकात नेणारा इंटरफेस आणि माइकही गेले. यंत्र मात्र वाजतच राहिले. डोळे मिटलेल्या म्हाताऱ्याला काही कळलेच नाही. एका कानावर हेडफोन धरून ते अंधारात गात राहिले, आणि शेवटच्या कडव्यात त्यांनी देवीला अशी काही हाक घातली, की त्यांना थांबवायला माझा हात उठला नाही. ‘आलं का नीट?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा मी ‘आलं’ म्हणालो. आठवड्याने खोटे कारण सांगून त्यांना पुन्हा बोलावले. ते चांगलेच गायले. हाक मात्र तशी आली नाही.

त्याच यंत्रात आठ ऑडिओ ट्रॅक घेता येतात, म्हणजे गाणेही तिथेच ध्वनिमुद्रित करता आले असते, हे मला माहीत नव्हते असे नाही. आता माइक मिक्सरमार्गे दोन्हीकडे जातो. मिक्सरलाही वीज लागतेच, म्हणून तो नव्या यूपीएसवर आहे, आणि त्याच यूपीएसवर संगणकही चालतो. मग यंत्र कशाला, असे तुम्ही लगेच विचाराल.