वाफसा, जांभा आणि तांबडी माती : कोरेगाव ते महाबळेश्वर सायकलवाट

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, परतीचा पाऊस अजून पुरता गेलेला नसताना, आम्ही दोघे मित्र कोरेगावहून निघून सातारा, कास, बामणोली आणि तापोळा या मार्गाने माउंटन बाइकवर महाबळेश्वरला गेलो. अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आणि दिवस तीन, म्हणजे अंतराच्या दृष्टीने ही सहल फार मोठी नव्हती. तरीही ती लिहून ठेवावीशी वाटते, कारण या एवढ्याशा पट्ट्यात चाकाखालची जमीन तीनदा पूर्णपणे बदलते. सरळ रेषेत मोजले तर कोरेगाव आणि महाबळेश्वर यांत ६० किलोमीटरसुद्धा अंतर नाही. पण कोरेगावच्या शिवारात काळी माती आहे आणि पाऊस बेताचा, तर महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि माती तांबडी आहे. मध्ये कासचा सडा, म्हणजे जांभा दगडाचे उघडे पठार. ‘पावसाळ्यासाठी टायर कोणता घ्यावा?’ असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. या प्रवासानंतर मी विचारणाऱ्यालाच उलट विचारतो, की पाऊस कोणत्या मातीवर पडलेला आहे?

आधी सायकलींविषयी. माझी सायकल २९ इंची चाकांची, फक्त पुढे सस्पेन्शन असलेली. पुढे २.३५ इंच रुंदीचा, मऊ रबराचा, मध्यम उंचीच्या आणि मोकळ्या नॉबचा (नॉब म्हणजे टायरवरचे रबरी उंचवटे) टायर होता, मागे २.२५ इंची, बुटक्या आणि दाट नॉबचा, वेगाने धावणारा. दोन्ही ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले, आणि प्रत्येकात सुमारे शंभर मिलिलिटर सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव. पुढचे आणि मागचे टायर वेगळे ठेवण्याचे कारण साधे आहे. पुढचे चाक घसरले की माणूस पडतोच, मागचे घसरले तर सहसा सावरता येते. म्हणून पकड पुढे हवी. मागच्या चाकावर वजन जास्त पडते आणि पेडलचा जोरही तेच सोसते, त्यामुळे ते लवकर झिजते. म्हणून तिथे कठीण रबर आणि कमी घर्षणाची नक्षी परवडते. माझ्या मित्राच्या सायकलीला दोन्हीकडे सारखेच, २.१ इंची, अगदी दाट नक्षीचे टायर होते आणि आत ट्यूब होत्या.

पहिल्या दिवशी डांबरी रस्ता टाळून पाणंदींनी साताऱ्याकडे जायचे ठरवले होते. आदल्या संध्याकाळी तासभर पाऊस झाला होता, पण सकाळी लख्ख ऊन पडलेले पाहून आम्ही निर्धास्त निघालो. घेवड्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांमधून जाणाऱ्या पहिल्याच पाणंदीत ५०-६० मीटरमध्ये मित्राचे मागचे चाक फिरायचे थांबले. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते. ती दाट नॉबच्या खाचांत लिंपली जाते, तिच्यावर आणखी माती व पाचोळा बसत जातो, आणि टायर व फ्रेम यांच्यामधली जागा भरली की चाक जखडते. अशा वेळी पेडलवर जोर देऊ नये. चिखलाने अडलेली साखळी मागच्या डिरेलरला (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला) ओढून नेते आणि तो ज्यावर टांगलेला असतो तो आकडा वाकतो. माझा पुढचा टायर मोकळ्या नॉबमुळे थोडा जास्त वेळ स्वतःला झाडत राहिला. दीडएकशे मीटरनंतर मलाही सायकल खांद्यावर घ्यावी लागली.

बांधावर बसलेले एक वयस्कर शेतकरी हे सगळे पाहत होते. ते म्हणाले, “अहो, अजून वाफसा आलेला नाही. आमचा बैलसुद्धा आज शेतात नाही. दुपारपर्यंत दम धरा.” एवढ्या वर्षांत टायरविषयी जे जे वाचले, त्यात इतका नेमका सल्ला मला कुठे सापडला नव्हता. वाफसा म्हणजे जमिनीतला ओलावा असा उतरणे की माती हाताला चिकटत नाही आणि ढेकूळ दाबले की सुटे होते. आम्ही अडीच वाजेपर्यंत एका गोठ्याच्या सावलीत काटकीने चाके साफ करत थांबलो, आणि त्याच पाणंदीवरून त्याच टायरांनी, विशेष काही न करता, सायकली चालवत पुढे गेलो.

ज्यांना या भागात जायचे आहे त्यांनी पायवाटेवरची मूठभर माती उचलून दाबून पाहावी. ती बोटांना लिंपली तर कोणताही टायर उपयोगाचा नाही. खास चिखलासाठी बनवलेले टायर असतात, उदाहरणार्थ मॅक्सिसचा शॉर्टी किंवा श्वाल्बेचा डर्टी डॅन. उंच, टोकदार आणि विरळ नॉब मातीत रुतून पकड घेतात आणि चिखल झाडून टाकतात. पाणथळ, मऊ चिखलात ते फार छान चालतात. पण काळ्या मातीच्या चिकणीपुढे त्यांचाही इलाज मर्यादित आहे, आणि पुढे कठीण दगडी वाट लागली की तेच उंच नॉब वळणावर मुडपतात. शिवाय ओल्या पाणंदीत चाकाने पडलेली चाकोरी वाळून दगडासारखी होते आणि पुढचे कित्येक आठवडे गाडीवानांना त्रास देते. म्हणून वाफशाची वाट पाहणे हे त्या गावाचेही देणे आहे, असे मला मनापासून वाटते. टायर आणि फ्रेम यांच्यात दोन्ही बाजूंना निदान सहा मिलिमीटर जागा राहील एवढाच रुंद टायर घालावा. काळ्या मातीसाठी त्याहून जास्त मोकळीक असलेली बरी.

पाणंदींच्या कडेला बाभळी होत्या. मित्राची ट्यूब त्या दिवशी दोनदा पंक्चर झाली. माझ्या टायरांमधून दोन-तीनदा सीलंटचा पांढरा थेंब बाहेर आला आणि तिथेच बसला. मी ते काटे उपटले नाहीत, कारण काटा भोकात असेपर्यंत तोच बुचासारखा काम करतो. हे बरोबरच होते, पण त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी समजला.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला गेलो. हे सुमारे २५ किलोमीटर अंतर डांबरीच आहे, तेव्हा चढावर दोन्ही टायरांत ३५ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा ठेवली होती. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि फुलांच्या हंगामात तिथे प्रवेशावर नियंत्रण असते. सड्यावरची माती बोटभर जाडीचीही नसते आणि सगळी फुले तेवढ्याच मातीवर जगतात. तिथे सायकल रस्त्याच्या खाली एक वीतभरही उतरवू नये. ज्यांना पठार पाहायचे आहे त्यांनी सायकल ठेवून पायी जावे.

कच्ची वाट आम्ही पठार ओलांडल्यावर, बामणोलीच्या उतारावरच्या गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर घेतली. इथे जांभ्याचे दोन वेगवेगळे स्वभाव दिसतात. सलग जांभा खडबडीत आणि छिद्रांनी भरलेला असल्यामुळे पावसातही टायरला आश्चर्यकारक पकड देतो. जिथे शेवाळ धरलेले आहे तिथे मात्र नॉबची उंची काहीच कामाची नाही, उतरून चालावे. दुसरा स्वभाव सुट्या खड्यांचा. कठीण पृष्ठभागावर वाटाण्याएवढे खडे पसरलेले असले की चाक जणू गोट्यांवरून जाते. त्याच वाटेवर मी पूर्वी एकदा फेब्रुवारीत गेलो होतो. तेव्हा सगळे कोरडे होते आणि वळणे आजच्यापेक्षा कितीतरी अवघड गेली. सुट्या खड्यांवर उंच नॉबपेक्षा मध्यम उंचीचे, जवळजवळ बसवलेले नॉब आणि कडेला भक्कम नॉबची सलग रांग असलेला टायर उपयोगी पडतो, कारण वळताना सायकल कलंडली की सगळा भार त्या कडेच्या रांगेवर येतो. ऑक्टोबरमध्ये ओलाव्याने खडे मुरमात बसलेले असतात, म्हणून पावसानंतरचा हा काळ टायरला सर्वांत सोपा.

कच्चा रस्ता सुरू होताच आम्ही हवा कमी केली. माझे वजन ७२ किलो आहे, पाठीवरची पिशवी वेगळी. पुढे २२ आणि मागे २५ पीएसआय ठेवल्यावर टायर दगडाच्या आकाराप्रमाणे दबू लागला, हातांना बसणारे हिसके कमी झाले आणि वेगही वाढला. जास्त हवा म्हणजे जास्त वेग हे गुळगुळीत रस्त्यावर खरे आहे. खडबडीत वाटेवर फुगलेला टायर प्रत्येक दगडावर सायकल आणि माणूस दोघांना उचलतो, आणि ती शक्ती वाया जाते. मित्राला मात्र इतके खाली जाता येत नव्हते. ट्यूब असली आणि हवा कमी असली की दगडाच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चेंगरते आणि तिला शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. म्हणून त्याने तीसच्या खाली जायचे टाळले. हातपंपावरच्या काट्यावर भरवसा न ठेवता खिशात मावणारे वेगळे प्रेशर गेज न्यावे, असा माझा आग्रह आहे. दोन पीएसआयचा फरक बोटांनी टायर दाबून कळत नाही, वाटेवर मात्र तो लगेच जाणवतो.

उतारावर एका पायरीवजा जांभ्याच्या धारेने माझ्या मागच्या टायरची बाजू कापली. चीर जेमतेम सहा मिलिमीटरची, पण साइडवॉलला पडलेली चीर सीलंट भरू शकत नाही, आणि ज्याला प्लग म्हणतात ती चिकट वातही तिथे टिकली नाही, कारण ती भिंत सतत वाकत असते. मग टायर काढून, आतून जुन्या टायरचा कापून आणलेला तुकडा चिरेवर ठेवून ट्यूब घातली. पाच मिनिटांत ट्यूबमधली हवा गेली. पहिल्या दिवशीचे बाभळीचे काटे टायरमध्ये तसेच होते. सीलंट असेपर्यंत त्यांनी काही बिघडवले नव्हते, ट्यूबला मात्र त्यातल्या एकाने लगेच गाठले. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालण्याची वेळ आली तर आधी टायरच्या आतून, बोटाला रुमाल गुंडाळून, सावकाश संपूर्ण फेरी मारावी आणि एकेक काटा चिमट्याने काढावा. आम्हाला मागच्या टायरमध्ये सात सापडले. चिमटा पिशवीत होता तो प्रथमोपचाराच्या डबीतला. आता मी तो हत्यारांबरोबर ठेवतो.

त्या चिरेची जबाबदारी माझ्या निवडीवर येते. वजन वाचवायचे म्हणून मी मागे पातळ भिंतीचा टायर घातला होता. सह्याद्रीत जांभा आणि बसाल्ट दोन्ही धारदार कडा देतात, त्यामुळे मागच्या टायरला तरी जाड, संरक्षक थर असलेली साइडवॉल घ्यावी आणि त्याचे दीडशे-दोनशे ग्रॅम जास्तीचे वजन आनंदाने वाहावे. नक्षी कोणती याचा विचार त्यानंतर.

बामणोलीत मुक्काम करून तिसऱ्या दिवशी सकाळी शिवसागर जलाशयातून लाँचने तापोळ्याला गेलो. सायकली नेणार असल्याचे नावाड्यांना आधीच सांगावे, आणि लाँचमध्ये सायकल ठेवताना डिस्क ब्रेकची बाजू वर ठेवावी. तळाशी डिझेल-तेल सांडलेले असते आणि ते डिस्कला लागले तर पुढच्या उतारावर ब्रेक धरत नाही. पलीकडे वासोट्याच्या बाजूला व्याघ्र प्रकल्पाचे जंगल आहे. तिकडे वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही.

तापोळ्याहून महाबळेश्वरपर्यंत सुमारे सातशे मीटरची चढण आहे. अर्ध्यावर पाऊस आला. रस्त्यालगतच्या तांबड्या मातीच्या वाटांवर वरचा पातळ थर साबणासारखा होतो आणि खालची जमीन कठीणच राहते. त्यातून झाडांची ओली मुळे आडवी आलेली. इथे मला एकाच सायकलवर दोन टायरांची तुलना करायला मिळाली. पुढचा टायर ट्यूबलेस, मऊ रबराचा, २१ पीएसआयवर. मागचा ट्यूब घातलेला, कठीण रबराचा, ३० पीएसआयवर. पुढचे चाक मुळांवर दबून पलीकडे जात होते, मागचे त्याच मुळावरून सरळ बाजूला सरकत होते, आणि चढावर उभे राहून जोर दिला की जागच्या जागी फिरत होते. बसूनच, हलक्या गिअरमध्ये, एकसारखा जोर देत गेल्यावर ते कसेबसे धरू लागले. काळ्या मातीत नॉबची मोकळीक महत्त्वाची होती, जांभ्यावर साइडवॉलची जाडी, आणि तांबड्या ओल्या मातीवर रबराचा मऊपणा आणि हवेचा दाब. मुळे ओलांडताना ब्रेक लावू नये आणि शक्यतो काटकोनात जावे. तिरके गेलेले चाक कोणत्याही टायरने सावरत नाही.

या मार्गासाठी एकच जोडी विकत घ्यायची असेल, तर मी पुढे २.३५ किंवा २.४ इंची, मऊ रबराचा, मध्यम मोकळ्या नॉबचा टायर घेईन, आणि मागे २.२५ इंची, मध्यम नक्षीचा पण जाड भिंतीचा. जून ते ऑगस्टमध्ये या वाटा सोडूनच द्याव्यात. नोव्हेंबरनंतर मागे बुटक्या नॉबचा वेगवान टायर घातला तरी चालतो, पुढचा तोच राहू द्यावा. टायर बसवताना बाजूवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण पाहावा. सीलंट आपल्या हवेत दोन-तीन महिन्यांत आटते. म्हणून सहलीच्या आठवडाभर आधी व्हॉल्व्हचा गाभा काढून आत काडी घालून पातळी पाहावी आणि कमी असेल तर भरावे. एक ट्यूब ट्यूबलेसवाल्यांनीसुद्धा न्यावी, दोन असल्या तर उत्तम.

परत येताना केळघर घाटाने मेढ्याकडे उतरलो. डांबरी उतार म्हणून पुढच्या टायरातही हवा ३२ पर्यंत वाढवली; कमी हवेचा टायर वेगाच्या वळणावर रिमखाली डोलतो. ओल्या रस्त्यावरचे पांढरे पट्टे मात्र टाळत आलो, कारण त्या रंगावर कोणतेच रबर धरत नाही. घरी आल्यावर पुढचा टायर उतरवून आतून फेरी मारली तेव्हा त्यात बाभळीचे अकरा काटे निघाले, आणि तीन दिवसांत त्या टायरात मी पंपाने हवा भरली होती ती फक्त घाट उतरण्यापूर्वी.