‘कधीपासून?’ला मी दिलेलं उत्तर

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेले तेव्हा केसपेपर भरणाऱ्या मुलीनं विचारलं, "त्रास कधीपासून?" मी पर्समध्ये सुटे शोधत होते. वर न बघताच म्हणाले, "अगं, लहानपणापासूनच!" तिनं ते इमानदारीत लिहून घेतलं.

या एका शब्दापायी विम्यात घोळ होऊन माझं नाकाचं ऑपरेशन 17 दिवस लांबलं आणि साडेतीन हजार रुपये गेले. कुणाला उपयोग झाला तर होईल, पण खरं सांगायचं तर डोक्यातला राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

खरं म्हणजे लहानपणापासून मला काहीच नव्हतं. श्रावण लागला की सर्दी व्हायची. आई तव्यावर ओवा भाजून फडक्यात पुरचुंडी बांधून हुंगायला द्यायची, कपाळाला सुंठेचा लेप लावायची. आठ दिवसांत शेंबूड संपायचा आणि शाळा सुरू. आमच्या घरात मात्र प्रत्येकाला "सायनस आहे". मावशीला आहे, मामाला आहे, म्हणून मलाही आहे. पुढे डॉक्टर म्हणाले, सायनस सगळ्यांनाच असतात, त्या कवटीतल्या हवेच्या पोकळ्या आहेत, कपाळाच्या, गालांच्या, दोन डोळ्यांच्या मधल्या आणि त्यांच्या मागच्या. त्यांना सूज आली की तो आजार. बारा आठवड्यांहून जास्त टिकला की जुनाट. म्हणजे ‘कधीपासून’ हा प्रश्न ते वेळ घालवायला विचारत नाहीत, औषध त्यावरच ठरतं. मला हे तेव्हा कळतं तर!

माझा खरा आजार सुरू झाला 2023च्या भाद्रपदात. सर्दी झाली, ताप गेला, पण नाक चोंदलेलं ते चोंदलेलंच. मग वास गेला. मी ओट्यापाशी भाजी चिरत उभी आणि माझ्या पाठीमागे शेगडीवर दूध करपून पातेलं काळं झालेलं. मुलगी बाहेरच्या खोलीतून ओरडत आली तेव्हा कळलं. फॅमिली डॉक्टरांनी वर्षभरात तीनदा अँटिबायोटिक दिलं. मीच मागायचे, कारण शेंबूड हिरवा होता. हिरवा म्हणजे जंतू, अशी माझी पक्की समजूत. तसं नसतं. साध्या विषाणूच्या सर्दीतही तो पिवळा-हिरवा होतो. दहा दिवसांनंतरही उतार पडला नाही, किंवा बरं वाटून पुन्हा ताप-दुखणं उलटलं, तर डॉक्टरांना दाखवायचं. मोठा ताप आणि चेहऱ्याचं दुखणं सलग तीन-चार दिवस असेल तर दहा दिवस थांबायचंही नाही.

आणि ते थेंब! नाक मोकळं करणारे, झायलोमेटाझोलिनचे. मेडिकलमध्ये सहज मिळतात. एक बाटली उशीखाली, एक पर्समध्ये, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. आठ महिने मी त्यांच्यावर झोपले. थेंब टाकले की दहा मिनिटांत नाक उघडायचं, चार तासांनी पुन्हा बंद. मला वाटायचं आजार वाढतोय. नाक त्या थेंबांमुळेच बंद होत होतं. तीन, फार तर पाच दिवस, एवढीच त्यांची मर्यादा. सोडताना डॉक्टरांनी आधी एकाच नाकपुडीतले बंद करायला लावले, सोबत स्टेरॉइडचा स्प्रे. पहिला आठवडा मी रात्री पलंगावर बसून काढला. स्प्रे थेंबांसारखा लगेच काम करत नाही, दोन आठवडे द्यावे लागतात. दुसऱ्याच दिवशी "काही फरक नाही" म्हणून फेकून देऊ नका. मी देणार होते.

सप्टेंबर ते डिसेंबर 2024 स्प्रे, मिठाच्या पाण्यानं नाक धुणं, गोळ्या, सगळं झालं. 20 डिसेंबरला सिटी स्कॅन. दोन्हीकडे पॉलिप, म्हणजे आपण "नाकात मांस वाढलंय" म्हणतो ते. दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं, तारीख 7 जानेवारी, मंगळवार.

विमा होता. ऑगस्ट 2022मध्ये घेतलेला. बऱ्याच पॉलिसींत सायनस, नाकाचा वाकडा पडदा, टॉन्सिल, मोतीबिंदू, हर्निया अशा ठरावीक आजारांना दोन वर्षं थांबावं लागतं. माझ्याही पॉलिसीत होतं, आणि मी ते आधीच वाचून ठेवलं होतं. दोन वर्षं ऑगस्टमध्येच सरली होती. या हुशारीचा मला इतका अभिमान होता की नवऱ्यालाही दोनदा ऐकवलं.

शनिवारी, 4 तारखेला, हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कनं, म्हणजे विम्याचे कागद बघणाऱ्या टेबलानं, कॅशलेसचा अर्ज पाठवला. कॅशलेस म्हणजे बिल विमा कंपनीनं थेट हॉस्पिटलला द्यायचं. मे 2024च्या परिपत्रकात विमा नियामकानं कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय द्यायला सांगितलंय. निर्णय नाही आला, क्वेरी आली. क्वेरी म्हणजे "आम्ही नाही म्हणत नाही, पण हो पण म्हणत नाही". केसपेपरवर आजार लहानपणापासून लिहिलाय, तर आजाराच्या कालावधीबद्दल डॉक्टरांचं प्रमाणपत्र द्या आणि पहिल्या तपासणीचा कागद जोडा.

तेव्हा लख्खकन पेटलं. दोन वर्षांची अट वेगळी आणि पॉलिसीच्या आधीपासूनच्या आजाराची अट वेगळी. ती माझ्या पॉलिसीत तीन वर्षांची. शिवाय लहानपणापासून आजार होता तर पॉलिसी घेताना सांगितला का नाही, हा त्याच्याही पुढचा प्रश्न. माझ्याच तोंडच्या शब्दानं मी लबाड ठरत होते.

सोमवारी सर्जननी प्रमाणपत्र दिलं: लहानपणी अधूनमधून सर्दी, सध्याच्या आजाराची लक्षणं ऑक्टोबर 2023च्या सुमारास सुरू. संध्याकाळी साडेसहाला उत्तर आलं. केसपेपर आणि प्रमाणपत्रात विसंगती, कॅशलेस नामंजूर. डेस्कवरचा मुलगा म्हणाला, "ताई, कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नाही. आत्ता भरा, नंतर फाइल टाका." आकडा एक लाख दहा हजार. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि दुखणं तातडीचं असतं तर मी भरलेही असते. पण मला हट्ट चढला. मंगळवारी सकाळी मी उपाशीपोटी हॉस्पिटलमध्ये असायच्या ऐवजी स्वयंपाकघरात बसून चहा पीत होते.

पुढचे तीन दिवस कस्टमर केअर. एक दाबा, चार दाबा, मग गाणं. प्रत्येक वेळी नवा माणूस आणि प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून. शुक्रवारी एकानं माझी करुण कहाणी शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारलं, "मॅडम, हा त्रास तुम्हाला कधीपासून आहे?" मी फोन ठेवला.

हवा होता पहिल्या तपासणीचा कागद. आमचे फॅमिली डॉक्टर औषध कंपनीच्या फुकटच्या पॅडवर लिहितात. तारीख नाही, नाव नाही, तीन औषधं आणि एक रेघ. घरात अशा सहा चिठ्ठ्या सापडल्या, त्यातली एक वाण्याच्या यादीच्या मागे चिकटलेली. शनिवारी दवाखान्यात गेले तर कुलूप. डॉक्टर संक्रांतीला गावी, बुधवारी येणार.

बुधवारी, 15 तारखेला, कंपाउंडर काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नोंद असेल की, पण तारीख सांगा." तारीख कुठून आठवायची? मग आठवलं, त्या दिवशी सर्वपित्री होती. घरात खीर, वडे, आमसुलाची चटणी, आणि मला कशाचाच वास नाही. संध्याकाळी घाबरून दवाखान्यात आले होते. काकांनी बाकाखालून रबर लावलेली लांबट वही काढली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली. 14 ऑक्टोबर 2023. माझं नाव, पुढे ‘सर्दी 3 आठ., वास नाही’, पुढे 200. निळं शाईपेन, दोन अक्षरांवर चहाचा डाग. त्या पानाइतका सुंदर कागद मी आयुष्यात पाहिलेला नाही. झेरॉक्स काढली, डॉक्टरांनी सही-शिक्का मारला आणि "तीन वेळा अँटिबायोटिक तुम्हीच मागून नेलंत" हेही ऐकवलं.

गुरुवारी पत्र लिहिलं. त्यात एक गोष्ट घातली जी डेस्कवर मला कुणी सांगितली नव्हती, भाचीनं शोधून दिली. नियामकाच्या 2024च्या व्याख्येप्रमाणे आधीपासूनचा आजार म्हणजे पॉलिसी सुरू होण्याआधीच्या 36 महिन्यांत ज्याचं निदान झालं, किंवा ज्यासाठी वैद्यकीय सल्ला-उपचार झाले तो. चौथीतल्या सर्दीवरची ओव्याची पुरचुंडी त्यात बसत नाही. पत्र कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेलनं, शेवटी एक ओळ: उत्तर न आल्यास बीमा भरोसा पोर्टलवर आणि त्यानंतर विमा लोकपालांकडे जाईन. पहिलं म्हणजे नियामकाचं तक्रारीचं संकेतस्थळ, दुसरे म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी. लोकपालांचं एक कार्यालय पुण्यात आहे आणि तिथे फी लागत नाही, पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. त्या ओळीनं काम केलं की वहीच्या पानानं, देव जाणे. सोमवारी, 20 तारखेला, चार चाळीसला मेसेज आला: मंजूर. मी ऑफिसमध्ये रडले. नाक आधीच चोंदलेलं, त्यात रडणं, म्हणजे विचारायलाच नको.

ऑपरेशन 24 तारखेला झालं. बाहेरून टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी. पुढे दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, डोकं उंचावर ठेवून झोपायचं. खपल्या काढायला पुन्हा जावं लागतं, ते ऑपरेशनपेक्षा नकोसं. पॉलिप पुन्हा येऊ शकतात म्हणून स्प्रे अजून चालू आहे. हो, स्प्रे मारताना उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या बाजूला जातो. मी चार महिने उलटं मारत होते, रक्त यायचं.

नाक धुण्याचं पाणी उकळून गार केलेलंच घ्या. नळाचं, बोअरचं थेट नको. नाकातून मेंदूत जाणाऱ्या अमीबाचे रोगी केरळात सापडलेले आहेत. तो आजार विरळा, पण पाणी उकळायला गॅस किती लागतो?

कशासाठी थांबायचं नाही, हेही डॉक्टरांना विचारून ठेवलंय, कारण मी वर्षभर थांबले होते. सर्दीत डोळ्याभोवती सूज आली, दोन-दोन दिसायला लागलं, मान आखडून डोकं असह्य दुखलं, माणूस बरळायला लागला तर सकाळची वाट पाहायची नाही, त्याच रात्री हॉस्पिटल. मधुमेह असेल आणि गाल बधिर वाटला किंवा नाकातून काळपट काही आलं तरीही तसंच. 2021मध्ये म्युकरमायकोसिसनं, म्हणजे काळ्या बुरशीनं, आपल्याकडे काय केलं ते विसरलेलो नाही. एकाच बाजूचं नाक बंद, एकाच बाजूनं रक्त किंवा घाण वास, हे कधीच ‘साधं’ समजायचं नाही. लहान मुलाच्या एका नाकपुडीतून घाण येत असेल तर आत वाटाणा नाही तर मणी असतो, आणि घड्याळातला सेल असेल तर तासाभराचाही उशीर नको. मोठ्या माणसात कधी कधी वरच्या दाढेचं दुखणं गालाच्या सायनसमध्ये उतरलेलं असतं, मग आधी दातांचा डॉक्टर.

आता ते साडेतीन हजार. ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांचा खर्च विमा देतो, पण माझ्या पॉलिसीत भरती होण्याआधीच्या 30 दिवसांतलाच. सिटी स्कॅन 20 डिसेंबरचा. 7 जानेवारीला भरती झाले असते तर अठरा दिवस. 24ला झाले, म्हणून पस्तीस. त्यांच्याच क्वेरीनं माझं ऑपरेशन लांबलं आणि लांबलं म्हणून स्कॅनचं बिल मुदतीबाहेर! डेस्कवरच्या मुलालाही हसू आवरेना. "सोडून द्या ताई," म्हणाला. सोडलं नाही. परवा तक्रार टाकली. फॉर्ममध्ये ‘घटना कधीची’ असा रकाना होता. तिथे तारीख लिहिली, वेळही लिहिली, सायंकाळी 6:30, आणि त्यांचाच ईमेल जोडला.